चुलीपासून चार हातांवर

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ऋजुताची मुलगी गेली. दिवस भरत आले होते. अडतिसावा आठवडा चालू होता, केंब्रिजमधल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात पाळणा लागला होता, तिच्या नवऱ्याने, साकेतने, तो तीन वेळा खोलून परत जोडला होता. एका मंगळवारी दुपारी ऋजुताच्या लक्षात आलं, की सकाळपासून पोटात काहीच हललेलं नाही. हॉस्पिटलात मिडवाइफने पोटावरून मशीन फिरवलं, मग दुसरीला बोलावलं, मग डॉक्टर आली. तिघींपैकी एकीनेही स्क्रीन ऋजुताकडे वळवला नाही, तेव्हाच तिला काय ते समजलं.

बाळंतपण मात्र सगळं करावं लागलं. सतरा तास लागले. मुलीचे केस काळेभोर होते आणि उजव्या कानाची पाळी जराशी दुमडलेली होती. नाव आधीच ठरलं होतं, अक्षरा. एक दिवसभर ती ऋजुताच्या शेजारी, खास अशा बाळांसाठी असतो तसल्या गार पाळण्यात होती. मग ऋजुताला ताप चढला. इन्फेक्शन झालं होतं. बारा दिवस ती हॉस्पिटलात पडून राहिली आणि तेवढ्यात बाकीचं सगळं साकेतने उरकलं. रजिस्ट्रारकडची नोंद झाली, क्रेमेटोरियम झालं, पाळणा चॅरिटी शॉपमध्ये गेला. घरी आल्यावर ऋजुताने एवढंच विचारलं, की राख कुठे आहे. साकेत म्हणाला, इतक्या लहान बाळाचं काही उरत नाही, तिथल्या माणसांनीच तसं सांगितलं. तिने मान हलवली. अंगावर दूध उतरलं होतं. ते आटायला आणखी पंधरा दिवस लागले.

मे महिन्यात ती कामावर परतली. ऋजुता एका म्युझियममध्ये जुन्या मातीच्या भांड्यांची डागडुजी आणि जतन करायची. पुण्यात शिकली, मग इथे येऊन आणखी शिकली आणि इथेच नोकरीला लागली, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. ती परतली तेव्हा प्रवरेकाठच्या खोक्यांचं काम सुरू व्हायचं होतं. सत्तर वर्षांपूर्वी एका इंग्रज बाईंनी प्रवरा नदीच्या काठी, गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडात दोन हिवाळे खणलं होतं. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. बाईंनी सापडलेलं बरंच काही त्या काळच्या रीतीने इकडे आणलं, त्यातलं अर्धं उघडलंही नाही. त्या गेल्यावर खोकी म्युझियमकडे आली. आता ती परत पुण्याला पाठवायचं ठरलं होतं, आणि पाठवण्याआधी प्रत्येक वस्तू प्रवासाला टिकेल अशी करायची होती.

लाल भांडी निघाली, काळ्या रंगाने नक्षी काढलेली. तोटीचे चंबू निघाले. अंगठ्याएवढी एक बाईची मूर्ती निघाली, कच्च्या मातीची, शीर नसलेली. ते तुटलेलं नव्हतं, करणाऱ्याने केलंच नव्हतं. मातीचाच एक बैल निघाला. ऋजुताला त्या कामात बरं वाटायचं. मऊ ब्रश, स्पिरिटचा बोळा, भिंगाखाली एक एक भेग. तेवढा वेळ हातांना काम असायचं आणि डोकं गप्प असायचं.

जूनमध्ये सातवं खोकं उघडलं. आत प्लास्टरच्या पट्ट्यांत गुंडाळलेलं, लहान गाठोड्याएवढं काहीतरी जड होतं. बाईंच्या वहीत त्याची नोंद सापडली. राखी रंगाचे दोन हंडे, एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, घराच्या जमिनीखाली खड्ड्यात. शेजारी एक चंबू, एक वाडगं. आत मूल. त्या वस्तीत मोठी माणसं दगावली की खड्ड्यात पुरायचे, मुलं दगावली की अशी दोन हंड्यांत ठेवायचे, हे ऋजुताला पुण्यापासून माहीत होतं. परीक्षेत त्यावर तिने उत्तरही लिहिलं होतं. वहीत बाईंनी मापं दिली होती. भिंतीपासून किती, उंबऱ्यापासून किती. आणि चुलीपासून सहा फूट.

सहा फूट म्हणजे चार हात. ऋजुताने वही मिटली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. त्या घरातल्या बाईने दुसऱ्या दिवशी चूल पेटवली असेल. ती जमीन सारवली असेल, तिच्यावर बसून भाकरी थापली असेल, चार हातांवर मूल आहे हे रोज माहीत असताना.

म्युझियममध्ये सगळ्यांना तिचं झालेलं माहीत होतं. विभागप्रमुखांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, की हे काम दुसऱ्या कोणाला देऊ का. ऋजुता म्हणाली, नको. मीच करते.

परत पाठवण्याआधी हंड्यांमधली माती काढणं भाग होतं, कारण तशी माती परदेशात पाठवायला परवानगी नसते. ऋजुताने प्लास्टर कापलं. हंडे वेगळे केले. मग बांबूच्या पातळ काडीने आणि ब्रशने, रोज दोन दोन बोटं करत, ती माती काढत गेली. हाडं दिसू लागली तेव्हा हाडांच्या तज्ज्ञ बाईंना बोलावलं. हेलन त्यांचं नाव. पन्नाशीच्या, बोलक्या. दुसऱ्या विभागातून आलेल्या, या शहरात जेमतेम महिना झालेल्या. ऋजुताबद्दल त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

चार दिवस दोघी एका टेबलाशी बसल्या. कवटीचे अंड्याच्या टरफलासारखे तुकडे, तांदळाएवढी बोटांची हाडं. मांडीचं हाड हेलननी मापपट्टीवर ठेवलं. ते ऋजुताच्या मधल्या बोटाएवढं भरलं. पूर्ण दिवसांचं मूल, हेलन म्हणाल्या. जन्मताना गेलं असेल, नाहीतर एक-दोन दिवसांत.

ऋजुताने सहज विचारावं तसं विचारलं, की इतकी कोवळी हाडं एवढी वर्षं टिकली कशी.

हेलन ट्रेमध्ये चिठ्ठ्या लावत होत्या. वर न बघताच त्यांनी सांगितलं, की त्या भागातल्या मातीत चुना असतो, हाडं टिकतात. आणि एकूणच लोकांना उगाच वाटतं की बाळाचं काही उरत नाही. त्या पूर्वी पोलिसांसाठी काम करायच्या, तेव्हा त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. पूर्ण दिवसांचं बाळ असेल तर दहनानंतरसुद्धा बहुधा काहीतरी हाती येतंच, मूठभर का होईना. क्रेमेटोरियमवाले तर आता बाळांसाठी खास काळजी घेतात.

ऋजुताने हातातला ट्रे खाली ठेवला. तो नीट, टेबलाच्या कडेपासून आत सरकवून ठेवला. हातमोजे काढले, आलेच म्हणाली, आणि वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून कितीतरी वेळ उभी राहिली. तिला रडू आलं नाही. तिच्या डोक्यात फक्त साकेतचं ते वाक्य फिरत होतं, तिथल्या माणसांनीच तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना ती वाटेतल्या एका बाकावर बसली आणि तिने क्रेमेटोरियमला फोन केला. पलीकडच्या बाईने नाव विचारलं, तारीख विचारली, थांबायला सांगितलं. मग हळू आवाजात वाचून दाखवलं, की सहा मार्चला सकाळी वडील येऊन घेऊन गेले, त्यांची सही आहे. आणखी काही मदत हवी आहे का, असंही विचारलं. ऋजुताने थँक यू म्हटलं. सहा मार्चला ती हॉस्पिटलात होती. त्या दिवशी संध्याकाळी साकेत तिच्याजवळ येऊन बसला होता, हे तिला पक्कं आठवत होतं, कारण तो येईपर्यंत तिने जेवणाला हात लावला नव्हता आणि तो आल्यावर त्याने तिला सूप भरवलं होतं.

साकेत लंडनला एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. रोज ट्रेनने जायचा, सातपर्यंत घरी यायचा. त्या दिवशी तो दारातून आत आला तेव्हा ऋजुता किचनमध्ये खुर्चीवर बसली होती. तिने त्याला बूटही काढू दिले नाहीत.

"साकेत, तिची राख होती?"

तो समोरच्या खुर्चीवर बसला. बॅग खांद्यावरच होती.

"हो," तो म्हणाला.

"कुठे आहे?"

"समुद्रात सोडली. हन्स्टन्टनला."

पुढचं त्याने तुटक तुटक सांगितलं. आईचा फोन आला होता नागपूरहून. ती म्हणाली, लहान लेकराला अग्नी द्यायचाच नसतो, तू तो देऊन बसलास. आता निदान ते घरात आणू नकोस आणि ऋजुताला दाखवू नकोस, नाहीतर ती त्यातून उठायची नाही. त्यालाही ते पटलं. ऋजुताला तेव्हा एकशेतीन ताप होता. वाटलं, हिचं एवढं तरी आपण वाचवावं.

"माझं काय वाचवलंस तू?" ऋजुता म्हणाली.

ती उठून बेडरूममध्ये गेली. त्यानंतर नऊ दिवस दोघं एका घरात राहिले आणि दूध संपलंय, कचऱ्याची बिन बाहेर ठेवायचीय, यापलीकडे बोलले नाहीत.

दहाव्या दिवशी ऋजुताने सासूला फोन केला. अर्चनाताई एकट्या नागपूरला राहायच्या. बाळंतपणाला यायचं त्यांचं तिकीटही काढलं होतं, ते रद्द झालं. फोन लावताना ऋजुताने मनाशी पुष्कळ जुळवलं होतं. तुम्हाला हा अधिकार कोणी दिला, असं विचारायचं होतं. तिने विचारलंही. मग अर्चनाताईंनी सांगितलं, की साकेतच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. तीन दिवस होता. दिरांनी आणि सासऱ्यांनी कापडात गुंडाळून नेला, अर्चनाताई खोलीतून बघत होत्या.

"कुठे नेला ते मला कोणी सांगितलं नाही, बाई," त्या म्हणाल्या. "मी विचारलंही नाही. चव्वेचाळीस वर्षं झाली. मला वाटलं, असंच करतात. असंच करायचं असतं."

साकेतला माहीत आहे का, ऋजुताने विचारलं. नाही, त्या म्हणाल्या. ऋजुताने जुळवलेलं सगळं तसंच राहिलं. तब्येतीला जपा, आई, एवढं म्हणून तिने फोन ठेवला. त्या संध्याकाळी ती साकेतला म्हणाली, मला तिथे घेऊन चल.

जुलैमधल्या एका शनिवारी ते निघाले. किंग्ज लिनपर्यंत ट्रेन, तिथून पुढे बस. बस सुट्टीला निघालेल्या माणसांनी भरली होती. बादल्या, फावडी, कुत्री. ऋजुताला खिडकी मिळाली, साकेत तिच्या मागच्या सीटवर बसला. हन्स्टन्टनला उतरून दोघं उतारावरून खाली चालत गेले आणि किनाऱ्याच्या भिंतीपाशी येऊन थांबले.

समुद्र नव्हता. ओहोटी लागली होती, आणि तिथे ओहोटीला पाणी इतकं मागे हटतं की दिसेनासंच होतं. समोर नुसती वाळू आणि चिखल पसरला होता. लांब कुठेतरी पाण्याची एक रेघ चमकत होती. ओल्या वाळूवर मुलं खेळत होती.

"कुठे?" ऋजुताने विचारलं.

साकेतने हात उचलला, डावीकडे दाखवलं, मग थोडं उजवीकडे. म्हणाला, तेव्हा पाणी भिंतीला लागलेलं होतं. इथूनच. म्हणजे या पायऱ्या होत्या, नाहीतर त्या पलीकडच्या. तो त्या पायऱ्यांपर्यंत गेला, परत आला. त्याला ठरवता येईना. शेवटी तो भिंतीवर बसला आणि समोर बघत बोलायला लागला. ऋजुताने काही विचारलं नव्हतं.

त्याने सांगितलं, की त्या दिवशी तो इथे तीन तास बसून होता. डबा बॅगेत होता, आणि बॅग त्याने मांडीवर धरली होती, पाठीला लावली नव्हती. पाऊस भुरभुरत होता, कोणी नव्हतं. डब्याचं झाकण घट्ट होतं, ते घराच्या किल्लीने उचकटावं लागलं. आत एवढीशी पिशवी. तो पायरीवर खाली गेला, पाण्याला लागून उभा राहिला आणि पिशवी उलटी केली. वाऱ्याचा त्याला अंदाजच आला नाही.

"माझ्या कोटावर आली ती," साकेत म्हणाला. "इथे, छातीवर. आणि मी झटकली, ऋजू. कपड्यावर धूळ उडाली की आपण झटकतो ना, तशी. हात आपोआप गेला. दोनदा झटकली. मग कळलं मी काय केलं."

त्याने उजवा हात मांडीखाली सरकवला.

"आईचं कारण खरं आहे. पण तुला सांगितलं नाही ते यासाठी. तू विचारलं असतंस कशी सोडली, आणि मला हे सांगावं लागलं असतं."

ऋजुता त्याच्या शेजारी भिंतीवर बसली. मधे हातभर जागा होती. तिला वाटलं, याच्या पाठीवर हात ठेवावा. हात उचलला गेला नाही. तिच्या डोळ्यांपुढे तो पायरीवर उभा होता आणि कोट झटकत होता. तिला त्याची दया येत होती. आणि तरी तिचा हात मांडीवरच राहिला. पुढे कितीतरी महिने ती स्वतःला विचारत राहिली, की त्या वेळी हात उचलला असता तर काय झालं असतं.

भरती यायला अजून चार तास होते. साकेत म्हणाला, थांबू या. पाणी परत येईपर्यंत थांबू. ऋजुता नको म्हणाली. ती पायऱ्या उतरून एकटीच वाळूत चालत गेली, जिथपर्यंत पाय रुततील तिथपर्यंत, आणि तिथे उभी राहून रडली. फेब्रुवारीपासून ती अशी मोकळेपणाने रडली नव्हती. जवळ किल्ला करणाऱ्या एका मुलीच्या आईने तिला येऊन विचारलं, तुम्ही ठीक आहात ना. ऋजुताने मान हलवली, आणि त्या बाईने काही न बोलता तिच्या हातात टिश्यूचं पाकीट दिलं.

परतीच्या ट्रेनमध्ये साकेतला झोप लागली. ती जागी होती.

भांडण असं त्यांचं त्यानंतर झालं नाही. साकेत तिच्यासाठी चहा करायचा, ती त्याचे शर्ट इस्त्रीला टाकायची. पण तो जेवायला समोर बसला की तिला त्याचा हात दिसायचा, आणि तिने नुसतं बघितलं की तो हात टेबलाखाली घ्यायचा. सप्टेंबरात त्यानेच विषय काढला. ऑफिसला जवळ पडेल म्हणून लंडनमध्येच, एजवेअरला, एक खोली बघितली आहे, काही दिवस तिथे राहतो. काही दिवस म्हणजे किती, हे तिने विचारलं नाही.

ऑक्टोबरमध्ये खोकी पुण्याला निघाली. मौल्यवान वस्तूंसोबत म्युझियमचं एक माणूस पाठवावं लागतं, ऋजुता गेली. निघण्याआधी तिने एक अर्ज केला होता. नियमाप्रमाणे हाडं वेगळ्या खोक्यात आणि हंडे वेगळ्या खोक्यात जाणार होते, ते एकत्र पाठवावेत, असा. हेलननी त्या अर्जावर सही केली. एव्हाना त्यांना कोणीतरी सगळं सांगितलं होतं, आणि त्यांनी ऋजुताला एक चिठ्ठी लिहिली होती, सहा ओळींची, त्यातल्या चार ओळी खोडलेल्या. अर्ज मंजूर झाला. एकाच खोक्यात, मधे फोम घालून, मूल आणि त्याचे दोन हंडे पुण्यापर्यंत बरोबर गेले.

पुण्यात दोन वेगळ्या विभागांनी ताबा घेतला. हंडे तळमजल्यावर, प्रदर्शनासाठी. हाडं दुसऱ्या इमारतीत, कपाटात. कागद सगळे बरोबर होते, माणसं सौजन्याने वागत होती, कोणाचीच चूक नव्हती. शशी नावाच्या तिथल्या बाईंनी हाडांचा पुठ्ठ्याचा डबा दोन्ही हातांनी उचलला, सांभाळून, आणि आवारातून पलीकडे घेऊन गेल्या. ऋजुता व्हरांड्यातून बघत राहिली. शशीताई दिसेनाशा झाल्यावर तिने पावतीवर सही केली.

डिसेंबरात साकेत त्याचं उरलेलं सामान न्यायला आला. पुस्तकं, प्रेशर कुकर, थंडीचे कपडे. सगळं गाडीत भरून झाल्यावर तो दारात घुटमळला. त्याला आणखी काहीतरी हवं होतं. ऋजुता म्हणाली, सांग ना.

"तिचं सर्टिफिकेट," तो म्हणाला. "एकच आहे. तुझ्याकडेच राहू दे. मला फक्त एक फोटो काढू दे त्याचा."

तिने कपाटातून फोल्डर आणला. मृत जन्माचा दाखला, नाव अक्षरा, आईचं नाव, वडिलांचं नाव, माहिती देणाऱ्याची सही. अक्षराचं नाव लिहिलेला घरात तो एवढाच कागद होता. साकेतने फोन वर धरला, पण फोटो दोनदा हलला. मग ऋजुताने त्याच्या हातातून फोन घेतला आणि तिने काढला.

तो गेल्यावर सोमवारी ती कौन्सिलच्या रजिस्ट्रार ऑफिसात गेली. काउंटरवरच्या माणसाने दाखल्याच्या प्रतीसाठीचा तिचा फॉर्म वाचला, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, की किती प्रती हव्यात. एकच, ती म्हणाली. पाठवण्याचा पत्ता म्हणून तिने एजवेअरच्या खोलीचा पत्ता लिहिला.